यंदा थंडीत कोकणात यायचं तर बिऱ्हाड करून या

हे उत्तर २०२०च्या नोव्हेंबरअखेरचं, कोरोनाच्या पहिल्या हिवाळ्यातलं; यातलं 'यंदा' म्हणजे तेच वर्ष. पुण्याहून एका काकांनी विचारलंय. वय ७१, साखर आणि रक्तदाब दोन्ही, सहा वर्षांपूर्वी एक स्टेंट. काकू ६४, त्यांना दमा, आणि थंडी पडली की गुडघे धरतात. दर हिवाळ्यात दोघं दोन महिने मुलीकडे कोचीला जातात. यंदा विमान नको वाटतंय आणि पुण्याची थंडीही नको. डिसेंबर ते फेब्रुवारी कोकणात काढावेत का, काढायचे तर कुठे आणि काय बघून, असा प्रश्न आहे.

मी गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या एका वाडीत राहतो. घरच्या चार खोल्या भाड्याने देतो, त्याला सोळा वर्षं झाली. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे येणारे बहुतेक जण पासष्टीच्या पुढचे, महिना-दोन महिने राहणारे. तेव्हा मी 'या' म्हणण्यात माझं पोट आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

काका, आधी नकाराची बाजू. ६५च्या वरच्यांनी आणि जुने आजार असलेल्यांनी गरजेशिवाय घराबाहेर पडू नये, ही सरकारची सूचना २०२०च्या टाळेबंदीपासून होती, ती हे लिहिलं तेव्हा उठलेली नव्हती. २ सप्टेंबर २०२०पासून जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास गेला, हॉटेलं उघडली, पाडव्याला देवळंही उघडली. पण तुमच्या वयाला दिलेला सल्ला तोच राहिला. मी त्याचा अर्थ असा लावतो की फिरायला निघू नका. आज गणपतीपुळे, उद्या मालवण, परवा वेंगुर्ला, रोज नवी खोली, नवा वेटर, नवं जेवणघर, असं यंदा तुमच्यासाठी नाहीच. एकाच घरात दोन महिने बिऱ्हाड थाटून, इथेही घरातच राहणार असाल, तर गोष्ट वेगळी. लिफ्टची बटणं, सोसायटीचा जिना आणि बंद खिडक्यांच्या फ्लॅटपेक्षा चारी बाजूंनी उघडी पडवी वाईट नाही. मात्र हे माझं मत झालं. तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी आणि काकूंच्या छातीच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच पुढे जायचं. त्याच भेटीत फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचंही विचारून घ्या.

आता ऊब. कोकण म्हणजे उबदार, हे अर्धंच खरं. आम्ही खलाटी आणि वलाटी म्हणतो. खलाटी म्हणजे समुद्राकाठची पट्टी, वलाटी म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याकडचा भाग. ऊब आहे ती खलाटीत. समुद्र रात्री लवकर निवत नाही, म्हणून काठावरची रात्र मऊ असते. रत्नागिरीला जानेवारीतलं किमान तापमान सरासरी १८-१९ अंशांच्या घरात असतं. दापोली मात्र वर पठारावर आहे. तिला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते उगाच नाही. थंडीची लाट आली की तिथला पारा दहाच्या आसपास उतरतो. 'दापोलीला खोली घेतली' असं फोनवर सांगणाऱ्या माणसाने वर गावात, म्हणजे दापोली कॅम्पात घेतलीय की खाली हर्णै, मुरुड, कर्दे, लाडघरला, एवढं विचारलं तरी गुडघ्यांचे अर्धे प्रश्न सुटतात. खेड आणि चिपळूणच्या खोऱ्यांतही पहाटे धुकं साचतं, हवा कोंदट राहते. दम्याच्या माणसाला ती नको.

काठावरही वेळ सांभाळा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो गार असतो, आणि गवतावर दव असतं. पुण्याची सवय म्हणून साडेपाचला फिरायला निघणारे आठवड्यात शिंकायला लागतात. साडेआठला निघा, दहाला परत या. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुटतो, तेव्हा पडवीत बसा. पाचनंतर पुन्हा पुळणीवर जा. ओल्या, घट्ट वाळूवर चाला. कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघा दुखावतो.

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड-हर्णै या पट्ट्यात जाणार असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ तिथूनच आत घुसलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौलं उडाली. नेटवर दिसणारे सावलीचे फोटो बऱ्याचदा जूनच्या आधीचे असतात. कित्येकांनी कौलांऐवजी घाईघाईने पत्रे घातलेत आणि पत्र्याची खोली डिसेंबरातही दुपारी भाजते. तिथले लोक नुकसान सोसून पुन्हा उभे राहतायत, त्यांच्याकडे जरूर जा, पण आजचा फोटो मागा. छप्पर कसलं आहे आणि अंगणात झाड उरलंय का, तेही विचारा.

घर बघताना लोक समुद्र किती पावलांवर आहे ते विचारतात. तुम्ही उलट्या दिशेची पावलं विचारा. गाडी जिथे थांबते तिथून दारापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, किती? जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या दिसायला छान, पण शेवाळलेल्या, एक उंच, एक बुटकी. सुरुवातीच्या वर्षांत मीही माझं खालच्या आगरातलं, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाडीतलं, घर द्यायचो. निवांत, दाराशी माड, बेचाळीस पायऱ्या खाली. एका रात्री साताऱ्याच्या पाहुण्यांच्या छातीत कळ आली. वय पंचाहत्तर, अंगाने भारी. आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, उपरण्याने खुर्चीला बांधलं आणि चढायला लागलो. पुढे एक पोरगा बॅटरी धरून. मधल्या वळणावर खुर्चीचा एक पाय मुडपला, तेव्हा खुर्ची टाकून दोघांनी हातांची कावड केली. रस्त्यावर जीप उभीच होती; उशीर झाला तो पाखाडीवर. चिपळूणला कळलं की पित्त होतं. दुसऱ्या दिवशी ते हसले, मी नाही हसलो. ते घर तेव्हापासून फक्त तरुणांना.

म्हणून घर सपाटीवर, रस्त्याला लागून. खोलीला स्वतंत्र दार असावं. न्हाणी आणि संडास आत, कमोड उंच, बाजूला धरायला काहीतरी. शेजारच्या खोलीतले पाहुणे आणि तुम्ही एकच ओटी वापरणार असाल तर यंदा ती जागा नको. एसीची गरज नाही, समोरासमोर दोन खिडक्यांची आहे. शनिवार-रविवारी मालक बाकीच्या खोल्यांत मुंबईचे ग्रुप घेतो का, हे स्पष्ट विचारा. 'घेतो' म्हणाला तर तो खरं बोलतोय, त्याचे आभार माना आणि दुसरीकडे बघा. शक्य असेल तर अख्खं घर महिन्याच्या बोलीवर घ्या. दिवसाचा दर गुणिले तीस असा हिशेब कोणी सांगितला तर मान्य करू नका. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर आठवड्याचे मधले दिवस इथे सगळ्यांच्याच खोल्या रिकाम्या असतात. पुन्हा टाळेबंदी लागली किंवा तुम्ही आजारी पडलात तर आगाऊ पैशाचं काय, ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. चांगला मालक त्याने चिडत नाही.

काकूंच्या दम्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण हे शहरातल्या डॉक्टरांच्याही ध्यानात येत नाही. कोकणची हवा शुद्ध, असं सगळे म्हणतात. पण डिसेंबर-जानेवारीत हापूस मोहरतो आणि मोहोरावर तुडतुडे ही कीड व भुरी हा रोग येऊ नये म्हणून बागायतदार फवारण्या करतात, साधारण पंधरवड्याला एक. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे नाशिकच्या एक मावशी होत्या, दमेकरी. पहाटे सहाला गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, हापूसच्या कलमांत फवारणीच्या पंपाचं इंजिन सुरू झालं. खिडकी उघडी होती. मला उग्र वास आला तेव्हा मी चहा करत होतो, आणि तो संपायच्या आत मावशी अंगणात येऊन कठड्याला धरून उभ्या होत्या, बोलता येत नव्हतं. दम्याचा पंप घेतल्यावर अर्ध्या तासाने बसल्या. बागवाल्याची चूक नव्हती, त्याचं वर्षाचं पीक होतं. चूक माझी, मी आधी विचारलं नाही. आता फवारणीच्या आदल्या रात्री त्याचा मला फोन येतो आणि मी त्या बाजूची खोली दमेकऱ्यांना देत नाही. तुम्ही घर घेताना लगत कलमांची बाग आहे का, हे विचाराच. नारळी-पोफळीच्या आगरात हा त्रास सहसा नसतो.

दुसरा धूर भाजवळीचा. फेब्रुवारीपासून शेतकरी तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जमीन भाजायला कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (वाळका पाला) पेटवतात. संध्याकाळी धूर खाली बसतो. हे एक कारण, ज्यासाठी मी दमेकऱ्यांना फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत परत फिरा म्हणतो.

दवाखान्याचं नकाशावर नुसतं अंतर बघू नका, रात्री किती वेळ लागतो ते बघा. गुहागरपासून चिपळूण साधारण ४५ किलोमीटर, पण वळणाच्या रस्त्याने रात्री सव्वा तास धरा. चिपळूणच्या पुढे सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला. तुम्हाला स्टेंट आहे, तेव्हा निघण्यापूर्वी स्वतः फोन करून विचारा की हृदयरोगाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, अँजिओग्राफी रात्री होते का, कोविडमुळे बाकीच्या रुग्णांना घेणं बंद आहे का. या उत्तरांवर गाव ठरवा. दोन तासांच्या वाटेवर अशी सोय नसेल तर किनारा कितीही देखणा असो, तो तुमच्यासाठी नाही. तसं झालं तर रत्नागिरी शहराच्या जवळपास राहा, भाट्ये किंवा मिऱ्याकडे. गुहागर सोडून तिकडे जा असं मी सांगतोय, यावरून काय ते समजा.

१०८ची रुग्णवाहिका इथेही येते, पण ती तेव्हा कुठे असेल ते सांगता येत नाही. म्हणून मालकाकडे रात्रीही चालवणारा माणूस आणि गाडी आहे का, ते आधीच ठरवून ठेवा. मोबाईलला रेंज आहे का हे मालकाला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच, कारण त्याला माहीत असतं की विहिरीजवळच्या फणसाखाली उभं राहिलं की येते. 'खोलीत बसून मला व्हिडिओ कॉल करा' म्हणा.

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा ऑक्सिमीटर सोबत आणा. रोज सकाळी एकदा, आणि शंका आली तर खोलीतच सहा मिनिटं चालून पुन्हा बघा. आकडा ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर तीनाने उतरला तर 'उद्या बघू' नको. काकूंचा दम्यातला नेहमीचा आकडा किती असतो, तो पुण्यातच आठवडाभर लिहून आणा, नाहीतर इथल्या डॉक्टरांना तुलना करायला काही नसतं. ताप आला तर लपवू नका. लोक लपवतात, मालक हाकलेल म्हणून. त्यापेक्षा येण्याआधीच मालकाला विचारा, 'आम्हाला ताप आला तर तुम्ही काय कराल?' त्याच्या उत्तरावरून माणूस कळतो.

औषधं दोन महिन्यांची आणि वर पंधरा दिवसांची. तालुक्याला दुकानं आहेत, पण तुमच्याच कंपनीची गोळी मिळेल असं नाही. इन्सुलिन घेत असाल तर दोन भाग करा. न उघडलेलं फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला न चिकटवता. वापरातलं बाहेर राहतं, पण ३० अंशांच्या आत, आणि इथे डिसेंबरच्या दुपारी पारा ३२-३३ला जातो. लाईट गेली की फ्रीजचाही भरवसा नाही. त्याला जुना उपाय आहे, मातीचं मडकं. मोठ्या मडक्यात तळाला ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात पिशवीत बांधलेलं इन्सुलिन, वर ओलं फडकं. साताऱ्याचे एक निवृत्त गणिताचे मास्तर दर वर्षी येतात, ते या मडक्यात थर्मामीटर ठेवून आकडे वहीत लिहितात. मला पाठ झालंय, खोलीपेक्षा पाच-सहा अंश कमी.

प्रवास तुमच्या गाडीने. २०२०त रेल्वे फक्त विशेष गाड्या सोडत होती, ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०पासून बंद झाली आणि एसी डब्यात चादर-घोंगडी मिळत नव्हती. पुण्याहून गुहागरला सातारा, उंब्रज, पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण असे या. थांबत थांबत सहा-सात तास. वरंध घाट चालू आहे का याची खात्री केल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, तिथले खड्डे कमरेला नकोत. ड्रायव्हर घेणार असाल तर तोच माणूस नेणारा आणि आणणारा असावा, मास्क लावून, काचा खाली. दशम्या, चटणी आणि थर्मास घरून घ्या. दाभोळहून धोपाव्याला जंगलजेटीने, म्हणजे गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटीने, यायची पाळी आली तर गाडीतच बसून राहा, वर जाऊन फोटो काढायची यंदा हौस नको.

निघण्याआधी दहा दिवस पुण्यात घरीच थांबा. चाचणीपेक्षा याला मी जास्त किंमत देतो, कारण चाचणी फक्त त्या दिवसाचं सांगते. तरीही निघण्याच्या दोन दिवस आधी कोरोनाची आरटीपीसीआर चाचणी करून या. ऑक्टोबर २०२०अखेर राज्याने दर उतरवले. तेव्हा केंद्रावर जाऊन ९८०, घरी बोलावून १८०० झाले. तो कागद मला दाखवा म्हणून नाही, गावाला दाखवा म्हणून. गणपतीत मुंबईचे चाकरमानी आले तेव्हा वाड्यावाड्यांतून किती वाद झाले, किती जण विलगीकरणात शाळेत राहिले, हे इथे कोणी विसरलेलं नाही. घरात म्हातारी माणसं इथेही आहेत, आणि त्यांना तुमच्याइतकीच भीती आहे. आल्यावर पहिले दहा दिवस जेवणाचा डबा पडवीतल्या बाकावर ठेवला जाईल. स्वयंपाकघरात येऊन माझ्या बायकोशी गप्पा मारू नका, तिला कितीही आवडत असल्या तरी. अकराव्या दिवशी खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्च्या टाकून बसू.

जेवणाचं एवढंच: इथे भात सकाळ-संध्याकाळ असतो, तेव्हा नाचणीची भाकरी आधीच सांगून ठेवा. रक्तदाबवाल्यांनी सुकी मासळी, पापड आणि मीठ मारलेली सोलकढी जपून. कोकम सरबतात साखर दिसत नाही पण भरपूर असते.

तुरळ, राजवाडी, आरवली किंवा उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायची काकूंची इच्छा असेल, बहुतेकांची असते. यंदा नाही. एका कुंडात दहा माणसं वाफेत तोंड उघडून बसलेली, याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. न्हाणीत चुलीवरचं पाणी आहे. दुसरा मोह गोव्याचा. सिंधुदुर्गात राहणारे 'पलीकडेच तर आहे' म्हणून जातात. २५ नोव्हेंबर २०२०पासून गोव्याहून राज्यात येताना सीमेवर तपासणी सुरू झाली, आणि रेल्वेने आलं तर ९६ तासांच्या आतला आरटीपीसीआर दाखवावा लागत होता.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना धोका वाडीतून येत नाही, थर्टी फर्स्टला येतो. मुलगा, सून, नातवंडं आणि नातवाचे दोन मित्र. 'आई-बाबा तिथे आहेतच तर दोन दिवस जाऊन येऊ.' आई-बाबा नाही म्हणत नाहीत. मी म्हणतो. नाताळ ते नववर्ष किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, म्हणून माझा सल्ला सरळ आहे: डिसेंबरात येऊच नका, ४ जानेवारी २०२१च्या सोमवारी निघा. थंडीही तेव्हाच खरी पडते. मुलांना भेटायचं असेल तर निघण्याच्या पंधरवडाभर आधी भेटून घ्या.

हा डिसेंबर कागदपत्रांना वापरा. केंद्राच्या पेन्शनरांना हयातीच्या दाखल्यासाठी तेव्हा ३१ डिसेंबर २०२०पर्यंत मुदत होती. राज्याचे असाल तर तुमच्या बँकेत विचारा. बँकेत रांग लावू नका, पोस्टमन ७० रुपयांत घरी येऊन अंगठ्यावर डिजिटल दाखला काढून देतो, ही सोय नोव्हेंबर २०२०मध्ये सुरू झाली. २०२०त कोरोना कवच विमा ६५ वर्षांपर्यंतच मिळत होता. काका, तुम्ही त्यातून गेलात, काकूंचा काढता येत होता. त्याला पंधरा दिवसांची प्रतीक्षा होती, म्हणून तोही लगेच काढायचा. तुमच्या जुन्या मेडिक्लेमच्या यादीत चिपळूण-रत्नागिरीतलं कोणतं रुग्णालय आहे ते बघा. नसेल तर बिल आधी स्वतः भरावं लागेल, तेवढी रक्कम कार्डावर ठेवा.

परतीचा दिवस आत्ताच ठरवा: १५ फेब्रुवारीच्या आसपास. धुराचं सांगितलंच. मार्चअखेर शिमगा आहे, त्याला गाव भरतं. आणि तोवर कोरोनाची लस आली, तर वयस्करांना आधी मिळेल असं दिसतंय. तेव्हा तुम्ही पुण्यात असलेलं बरं.

ऑक्सिमीटरचे जादा सेल, काकूंच्या दम्याच्या पंपाला जोडायचा स्पेसर आणि रबरी तळाच्या चपला विसरू नका. मडकं आणू नका, चिपळूणहून मी आणून ठेवीन.